पांढरा झगा आणि लाकडी चोच

आज सांगलीतील एका शाळेच्या निसर्ग मंडळात अमेरिकेतील हूपिंग क्रौंचांविषयी बोललो. १९४१ च्या सुमारास जेमतेम वीस-बावीस उरलेला हा पक्षी वाचवण्यासाठी पिले माणसांच्या हाती वाढवली गेली. मात्र सांभाळणाऱ्याने अंगभर पांढरा झगा घालायचा, तोंड झाकायचे, चकार शब्द काढायचा नाही आणि हातात धरलेल्या, लाल टाळूच्या बाहुली-डोक्याच्या चोचीने दाणा टिपून दाखवायचा, असा दंडक होता. मी जुन्या धोतराचा झगा घालून आणि लाकडी चोच घेऊन हे करून दाखवले, तेव्हा मुले पोट धरून हसली.

“काका, पिलू मांडीवर घेतलं तर काय बिघडतं?” एका मुलीने विचारले. पिलू लहानपणी ज्याच्यासोबत वाढते, त्यालाच आपली जात मानते. अमेरिकेतील आयडाहो राज्यात १९७५ पासून हूपिंग क्रौंचांची अंडी सँडहिल क्रौंच या दुसऱ्या जातीच्या घरट्यांत ठेवली गेली. पिले जगली, पण मोठी झाल्यावर त्यांनी आपल्या जातीत जोड्याच जमवल्या नाहीत.

२००१ पासून स्थलांतराची वाट शिकवण्यासाठी हलक्या विमानांमागून पिलांना विस्कॉन्सिनहून फ्लोरिडाला नेले, हे मुलांना फार आवडले. मला मात्र पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो: ते पक्षी अंडी घालत, पण अनेकदा घरटी सोडून जात. त्यात काळ्या माश्यांचा उपद्रव होताच, शिवाय संगोपनाच्या पद्धतीवरही शंका होती. म्हणून २०१६ मध्ये विमाने थांबवून प्रौढ क्रौंचांकडून पिले वाढवण्यावर भर दिला गेला.

“मग आधीच का नाही दिली त्यांच्याकडे?” तीच मुलगी. अंडे काढून घेतले की मादी पुन्हा घालते, त्यामुळे अंडी पुष्कळ आणि पालक मोजके, हे गणित तिला लगेच पटले.