वेदीवस्त्रांची वही: लाल झालं, हिरवं राहिलं

चर्चच्या वेदीसाठी मी भरत होतो ते लाल वस्त्र पूर्ण झालं का, असं तिघाचौघांनी विचारलं होतं. झालं. ७ जूनच्या शनिवारी संध्याकाळी ते वेदीवर चढलं, ८ जूनला पेन्टेकॉस्टची, म्हणजे पवित्र आत्मा आगीच्या जिभांसारखा शिष्यांवर उतरला त्या सणाची, उपासना झाली आणि पुढच्या शनिवारी मीच ते उतरवून, गुंडाळून कपाटात ठेवलं. चार महिन्यांचं भरतकाम आणि एक रविवार. हा हिशेब आधी मांडायला हवा होता. मी तो परवा मांडला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. आमची मंडळी लहान, उपासनेला साठ-सत्तर माणसं. वेदीचं सगळं बघणारे आम्ही चौघं, चौघंही हौशी. शनिवारी संध्याकाळी कापडं, मेणबत्त्या, फुलं, दिवे. रविवारी उपासना झाली की आवराआवर. चर्चचं वर्ष आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांपासून, सुरू होतं आणि तो सुरू होतो ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी. काळ बदलला की वेदीच्या कापडाचा रंग बदलतो. चार वर्षांपूर्वी मला कुणीतरी जुन्या कापडाचा उसवलेला काठ शिवायला दिला, आणि तेव्हापासून ही वही चालू आहे.

तर परवाचा हिशेब. १ डिसेंबर २०२४ ते २३ नोव्हेंबर २०२५, एकूण ५२ रविवार. आगमनकाळाचे चार आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे सहा मिळून जांभळे १०. नाताळ, पुनरुत्थानाचा (ईस्टरचा) काळ, त्रैक्य रविवार, ख्रिस्तराजाचा रविवार वगैरे धरून पांढरे १३. लाल १. उरलेले २८ हिरवे. (आम्ही झावळ्यांच्या रविवारीही, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, जांभळंच ठेवतो. काही ठिकाणी तेव्हा लाल लावतात. तसं असतं तर माझ्या लालचे दोन झाले असते.)

अर्ध्याहून जास्त वर्ष हिरवं, आणि आमचं हिरवं कसं आहे? तयार विकत आणलेलं, मशीनचा क्रूस, पातळ अस्तर, खिडकीकडची बाजू उन्हाने पिवळट पडलेली. मी लालचे रंग जुळवत बसलो होतो तेव्हा माझ्या पाठीमागे, वेदीवर, हेच लावलेलं होतं.

हिरव्याला कमी लेखण्यात मी एकटा नाही, असं दिसतं. पोप तिसरे इनोसंट यांनी ११९८ मध्ये पोप होण्याआधी रोममधले उपासनेचे रंग लिहून ठेवले. पांढरा, लाल आणि काळा यांना सण, हुतात्मे आणि प्रायश्चित्त मिळालं. हिरवा उरलेल्या साध्या दिवसांना, कारण काय तर तो पांढरा, काळा आणि लाल यांच्या मधला रंग. म्हणजे ज्याला काही नाही, त्याला हिरवा.

आता लालबद्दल, कारण प्रश्न बहुतेक त्याचेच होते. नक्षी ज्वाळांची, सात जिभा, मधली सर्वांत उंच. ट्रेसिंग पेपरवर काढून सुईने रेषेवर बारीक भोकं पाडली, पेपर कापडावर टाचला आणि कापसाच्या बोळ्याने खडूची पूड दाबली. पेपर उचलल्यावर ठिपके उमटतात; ते लगेच पातळ पेन्सिलीने जोडायचे, नाहीतर जोराची शिंक आली की नक्षी गेली. माझी एकदा गेली. भरायला लांब-आखूड टाका, तळाशी गर्द लाल, मग शेंदरी, टोकाला नारिंगी. रंग एकमेकांत मिसळायचे असतील तर पुढच्या रंगाचा टाका मागच्याच्या दोन धाग्यांमधून वर काढायचा, त्याच्या टोकाला चिकटवून नाही. पहिल्या दोन ज्वाळांमध्ये मी टोकाला टोक लावलं, त्यामुळे त्या ज्वाळा कमी आणि पट्ट्यापट्ट्यांचे मोजे जास्त दिसत होत्या. उसवल्या. कडेला दांडी टाका घातला नाही, कारण रेघ आली की ज्वाळा हलायची थांबते. हे माझं मत, भांडायला तयार आहे.

जांभळ्याची हकीकत मात्र लाजिरवाणी आहे. गेल्या आगमनकाळात तिसऱ्या रविवारी, १५ डिसेंबरला, मेणबत्ती कलंडून मेण वेदीवस्त्रावर सांडलं. मेणाचं मला येतं: हात लावायचा नाही, पूर्ण गोठू द्यायचं, गरज पडली तर पिशवीत बर्फ घालून वर ठेवायचा, मग चमच्याच्या बोथट कडेने खरवडायचं. राहिलेलं तेलकट डागासारखं असतं. दोन्ही बाजूंनी टीपकागद ठेवून कोमट इस्त्री, कागद सरकवत राहायचा. इथपर्यंत सगळं नीट केलं. मग घाई झाली म्हणून ओल्या फडक्याने पुसलं. ते जांभळं कापड मी शिवण्याआधी धुतलंच नव्हतं. ओलसर काठ वरच्या पांढऱ्या लिननला टेकला आणि अर्ध्या तासात पांढऱ्यावर वीतभर जांभळी कड उमटली.

आमच्यातल्या सर्वांत जुन्या आजींनी ते पाहिलं. त्या इस्त्रीच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाहीत.

"गरम पाणी घातलंस का?"

"नाही आजी, अजून काहीच केलं नाही."

"मग वाचलास."

लिनन तीन वेळा थंड पाण्यात भिजवून निघालं. प्रभुभोजनाच्या द्राक्षारसाच्या डागालाही त्यांचा हाच नियम: लगेच थंड पाणी, आणि डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नाही, कारण उष्णतेने डाग पक्का बसतो. लिनन त्या घडी घालून ठेवू देत नाहीत. पुठ्ठ्याच्या जाड नळीवर गुंडाळायचं, म्हणजे घडीच्या रेषेवर धागा तुटत नाही. त्यावरचे पाच छोटे पांढरे क्रूस, चार कोपऱ्यांना आणि एक मध्ये, ख्रिस्ताच्या पाच जखमांचे. ते आजींनीच कधीतरी भरलेले आहेत. पांढऱ्यावर पांढरं. तिसऱ्या रांगेतून दिसतही नाहीत.

पवित्र गुरुवारची एक नोंद वहीत आहे, ती जशीच्या तशी देतो. "१७ एप्रिल. उपासनेनंतर दिवे मंद. आम्ही चौघांनी वेदी उघडी केली. कुणी बोलायचं नाही. आधी मेणबत्त्या, मग लिनन, मग जांभळं. खाली नुसतं लाकूड. डाव्या कोपऱ्याला जुन्या मेणाचे थेंब, मागे खिळ्यांची भोकं. जांभळं घेऊन मागच्या खोलीत गेलो, अस्तर उलटलं. आतल्या कोपऱ्यात जुनी तुरपाई, माझी नाही. जांभळा दोरा संपला असावा. शेवटची चार बोटं निळ्या दोऱ्याने." ते जांभळं आधीच्या कुणीतरी शिवलेल्या वस्त्राचं अस्तर वापरून मी केलं होतं, आणि एवढी वर्षं तो निळा दोरा मी पाहिलाच नव्हता. कुणाचा हे आजींनाही आठवलं नाही. मी तो तसाच ठेवला आहे.

हिरव्याकडे वळतो. पुनरुत्थानाचा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो, तो पौर्णिमेवर ठरतो. उपवासकाळ त्याला बांधलेला, म्हणून जांभळ्याचे रविवार तेवढेच राहतात. ताणलं किंवा आखडलं जातं ते हिरवं. २०२६ मध्ये सण ५ एप्रिलला, राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला. प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या रविवारनंतर १८ जानेवारीपासून हिरवं, आणि उपवासकाळाच्या लगेच आधीचा रूपांतराचा रविवार पांढरा धरला तर उपवासकाळाआधी चारच रविवार. मग थेट ७ जूनला पुन्हा हिरवं. त्यामुळे जानेवारीच्या मागे धावत नाही. ६ जूनच्या शनिवारी ते तयार हवं.

कापड आलं आहे, यंदा दोनदा धुऊन. कापताना कात्रीवर विश्वास ठेवला नाही. आडवा एक धागा ओढून काढला आणि त्या मोकळ्या रेषेवर कापलं, त्यामुळे काठ सरळ आहे. नक्षी अजून ठरत नाही. वेल काढावी असं वाटतंय, पण ओळीने २४ रविवार बघायची आहे, तेव्हा फार बोलकी नको. सध्या तीन हिरवे दोरे पट्टीवर टाचून खिडकीत लावले आहेत, अर्धी पट्टी कागदाने झाकून. कोणता उडतो ते फेब्रुवारीत कळेल.

एक अडचण मात्र आहे आणि सल्ला हवा आहे. काल वेदी पुन्हा मोजली. समोरची बाजू डावीकडून जमिनीपर्यंत ९६ सेंमी, उजवीकडून ९७.५. आतापर्यंतची सगळी वस्त्रं मी वरच्या कडेला समांतर शिवली, आणि ती खाली तिरकी का दिसतात याचा दोष कायम लावणाऱ्याला दिला. आता खालचा काठ जमिनीला समांतर घ्यायचा की वेदीला? शनिवारी जांभळं चढवताना दोन्ही बाजूंना टाचण्या लावून लांबून बघणार आहे. आजी म्हणतात, फरशी तिरकी आहे.