रंग कोणता होता?

आज फ्लाइंग ट्रेनिंगमध्ये चार सर्किट झाली, म्हणजे टेकऑफ, धावपट्टीभोवती एक फेरी आणि लँडिंग, असं चार वेळा. चौथ्या लँडिंगला शिकवणाऱ्या सरांनी कंट्रोल्सना हातसुद्धा लावला नाही. एरवी एवढ्यावर आठवडाभर खूश राहिले असते. रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि डोक्यात सकाळचा तो एकच प्रश्न घोळतोय.

सव्वासहाला विमानाभोवती फिरून तपासणी करत होते. पंखांवर इतकं दव की बाह्या भिजल्या. आमच्या सेसना १७२ एस मध्ये १३ ठिकाणांहून इंधनाचा नमुना काढायचा, दोन्ही पंखांखाली ५-५ आणि नाकाखाली ३. टाकी रात्रभर अर्धी राहिली की आतल्या हवेतली वाफ गार पत्र्यावर जमते. पाणी इंधनापेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. पाणी असेल तर कपात खाली पाणी, वर इंधन, मध्ये एक रेघ. मी रेघ शोधली. दिसली नाही. ओतून दिलं, पुढचं घेतलं. तेराही झाल्यावर म्हटलं, "सर, क्लीन."

"रंग कोणता होता?"

तोंडातून शब्द फुटेना. कप निव्वळ पाण्याने भरला असता तरी रेघ दिसली नसतीच. आमच्या १००एलएलचा, म्हणजे विमानाच्या पेट्रोलचा, निळा इतका फिका असतो की कप उजेडाकडे धरून बघावा लागतो. "निळाच असणार," मी म्हटलं. असणार! सर रागावले नाहीत. कप परत माझ्या हातात दिला. पुन्हा तेरा. सगळे निळे.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत हेच लिहून पूर्ण मार्क घेतलेत. खोटंही बोलले नव्हते. डोळे उघडे होते, कप हातात होता, आणि तरी मी पाहिलं नव्हतं. खोटं बोलले असते तर निदान कशाची शरम वाटायला हवी ते कळलं असतं. टेकऑफनंतर खाली ऊस सरकत होता. तेवढ्या कमी उंचीवर इंधनातल्या पाण्याने इंजिन बंद पडलं तर धावपट्टीकडे वळायचं नाही, समोर जे शेत मिळेल ते. चारही वेळा मी तो ऊस बघितला. फक्त ऊस.

दुपारी माझ्याबरोबर शिकणाऱ्या एकीचं सोलो झालं, म्हणजे पहिलं एकटीचं उड्डाण. माझ्यानंतर तीन आठवड्यांनी आली होती. सोलोनंतरची पाण्याची बादली मीच ओतली तिच्यावर, मिठी मारली, मनापासून. मग खोलीत येऊन दार लावून बसले. बाबांचा फोन आला होता, उचलला नाही. हप्त्याचं... आज नको.

संध्याकाळी आईशी बोलत होते. ती तांदूळ निवडत होती, ताटात बोटं फिरत असल्याचा आवाज येत होता. लहानपणी मी शेजारी बसून नुसते खडे शोधायचे आणि माझ्या वाट्याच्या भातात हमखास खडा लागायचा. "खडा नको शोधूस, तांदूळ बघ," असं ती म्हणायची. फोनवर तिला यातलं काही सांगितलं नाही. पण नंतर नीट जेवण गेलं.

सरांनी जमिनीवर असताना विचारलं, हे बरंच झालं. जाताना म्हणाले, "उद्याही तूच ड्रेन कर." दुपारी हे वाक्य शिक्षा वाटलं होतं. आता तसं वाटत नाही.

उद्या ६.१५, तेच विमान. चेकलिस्टमध्ये त्या ओळीपुढे पेन्सिलीने 'निळा' असं लिहिलं. मग खोडलं आणि लिहिलं, 'रंग?'