कोडी उघडेना

शुक्रवार, रात्र

टीव्हीवर घरच्या चित्रफिती दाखवणारं कोडी नावाचं सॉफ्टवेअर उघडेना, म्हणून दादाला फोन केला तर त्याचं ठरलेलं उत्तर: "काढून टाक आणि परत इन्स्टॉल कर." विंडोजवर हात बसलेल्या माणसाचा हा रामबाण. हॉलमधल्या छोट्या पीसीवर डेबियन १२ हे लिनक्स आहे, त्यावर कोडीची २० वी आवृत्ती, नेक्सस. इथे पॅकेज काढून परत घातलं तर बदलतो फक्त प्रोग्राम. सेटिंग्ज, अ‍ॅड-ऑन (वरून जोडलेल्या जादा सोयी), डेटाबेस, पोस्टरं हे सगळं होम फोल्डरमधल्या लपलेल्या 'डॉट-कोडी'त असतं आणि पॅकेज घालणारं-काढणारं अ‍ॅप्ट त्याला बोटही लावत नाही, अगदी पर्ज करून मुळापासून काढलं तरी. दुखणं तिथे असेल तर वरून कितीही वेळा नवं कोडी घाला, ते पहिलं काम करणार तेच जुनं फोल्डर उघडण्याचं. दादाच्या समाधानासाठी करून पाहिलं. लोगो आला आणि गेला.

झालं असं की संध्याकाळी वळवाने जोर धरला आणि लाईट सारखी जात-येत राहिली. शेवटी टिकली तेव्हा पीसी व्यवस्थित चालू झाला, पण कोडीचा लोगो दिसतो, पडदा काळा होतो, परत लोगो. हे असंच चालू. आपोआप लॉगिन होऊन थेट कोडीचं सेशन उघडेल अशी सोय केलेली आहे, त्यामुळे सेशन मेलं की लॉगिन मॅनेजर इमानेइतबारे नवं उघडतो. आप्पांनी रिमोटचे सेल बदलून पाहिले, टीव्हीची पिन काढून घातली, आणि "तुझं ते लिनक्स" एवढंच बोलून झोपायला गेले.

त्यांचंही बरोबर आहे. व्हीएचएस कॅसेटींवरून उतरवून घेतलेली घरातली लग्नं, मुंजी, आजीची पंचाहत्तरी, सगळं त्यावरच बघायचं असतं आणि उद्या आत्या येणार आहे.

पीसी बंद करून ठेवलाय. मुद्दामच. कोडी दर वेळी उघडताना नवा लॉग, म्हणजे काय काय घडलं याची नोंद, लिहायला घेतं, आधीचा 'ओल्ड' नावाने बाजूला ठेवतं आणि त्याच्याही आधीचा टाकून देतं. रात्रभर लोगो नाचत राहिला तर हाताशी उरणार फक्त शेवटचे दोन.

शनिवार, सकाळ

चहाच्या आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ टू दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन केलं, लॉगिन मॅनेजर थांबवला. आता कोडी मी म्हणेन तेव्हाच उठेल.

होम फोल्डरमध्ये 'कोडी क्रॅशलॉग' आणि पुढे तारीख-वेळ अशा फायलींची रांग लागली होती. या मात्र एकमेकींवर लिहिल्या जात नाहीत, प्रत्येक पडझडीची वेगळी. आपण 'कोडी' म्हणून जे चालवतो ती मुळात एक शेल स्क्रिप्ट आहे. ती खऱ्या प्रोग्रामला उठवते आणि तो दगावला की जीडीबीला, म्हणजे प्रोग्राम कुठे अडला ते शोधणाऱ्या साधनाला, बोलावून पंचनामा लिहून घेते. जीडीबी मशीनवर नसेल तर पंचनाम्याच्या जागी 'जीडीबी इन्स्टॉल केलेलं नाही' एवढी एक ओळ. आमच्याकडे तीच ओळ. जीडीबी घातलं, कोडी एकदा पाडलं, आणि या वेळी धड स्टॅक ट्रेस, म्हणजे पडताना प्रोग्राम कुठल्या कामात होता त्याची यादी, मिळाला. डीबग सिम्बॉल (त्या यादीतल्या ओळींना नावं देणारी जादा माहिती) नसल्यामुळे बऱ्याच ओळींत नुसती प्रश्नचिन्हं होती, पण मेलेल्या थ्रेडच्या वरच्या ओळींत एसक्यूलाइट या डेटाबेस सांभाळणाऱ्या लायब्ररीचं नाव स्पष्ट दिसत होतं.

तोवर माझाही संशय ग्राफिक्सवरच होता. लिनक्सवर पडदा काळा झाला की सगळे आधी मेसा या ग्राफिक्सच्या लायब्ररीकडे आणि ड्रायव्हरकडे बोट दाखवतात. पण ग्राफिक्सच मिळालं नसतं तर लॉग 'अनेबल टू क्रिएट जीयूआय' म्हणून संपला असता, आणि लोगोही दिसला नसता. आमचा लॉग ते नाव काढत नव्हता. खाली खाली गेलं की एकच तक्रार होती: 'डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड', म्हणजे डेटाबेसची फाईल बिघडली आहे.

तरी खात्री करून घेतली. डॉट-कोडीचं नाव बदलून डॉट-कोडी-जुनं केलं आणि कोडी चालवलं. त्याला फोल्डर सापडलं नाही, त्याने नवं कोरं बनवलं आणि एस्च्युअरी या कोडीच्या मूळ स्किनचं (दर्शनी रूपाचं) रिकामं मुखपृष्ठ झटक्यात उघडलं. म्हणजे प्रोग्राम, ड्रायव्हर, आवाज सगळं धडधाकट. इथेच थांबून नव्याने सगळं लावता आलं असतं, पण मग काय पाहिलं, कुठे थांबवलं, आप्पांनी हाताने घातलेली नावं, सगळ्याला मुकलो असतो. नाव पूर्ववत केलं.

(माझ्या जुन्या बॅकअपमध्ये 'डॉट-एक्सबीएमसी' नावाचंही फोल्डर पडलेलं आहे. हे सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सवर वाढलं, म्हणून नाव एक्सबॉक्स मीडिया सेंटर. २०१४ मध्ये १४ व्या आवृत्तीपासून कोडी झालं. ते फोल्डर पुसायला हात होत नाही.)

डॉट-कोडीतल्या युजरडेटाच्या आत डेटाबेस नावाचं फोल्डर आहे, त्यात प्रत्येक खात्याची वेगळी फाईल: चित्रफितींची 'मायव्हिडिओज १२१', पोस्टरांची 'टेक्श्चर्स १३', अ‍ॅड-ऑनची 'अ‍ॅडऑन्स ३३'. आधी अख्ख्या फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली, मग एकेकीवर एसक्यूलाइटची इंटिग्रिटी चेक चालवली. व्हिडिओ: ओके. पोस्टरं: ओके. अ‍ॅड-ऑन: मालफॉर्म्ड. कोडी उघडताना सगळ्यात आधी विचारतं की कुठली अ‍ॅड-ऑन चालू आहेत, आणि स्किनसुद्धा त्याच्या लेखी अ‍ॅड-ऑनच. त्यामुळे ही फाईल बिघडली की पुढे पाऊलच पडत नाही.

एसक्यूलाइट खरं तर असल्या प्रसंगांसाठीच जपून लिहिलेलं आहे. बदल करण्याआधी ते जुना मजकूर जर्नल फाईलमध्ये ठेवतं, मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी त्यावरून मागे फिरतं. पण त्यासाठी डिस्कने 'लिहिलं' म्हटलं की ते खरोखर लिहिलेलं असायला हवं. स्वस्तातल्या डिस्का मजकूर स्वतःच्या कॅशमध्ये असतानाच हो म्हणून मोकळ्या होतात. त्या अर्ध्या क्षणात लाईट गेली तर जर्नल तरी काय करणार. काल तर ती जाऊन येऊन जात होती.

बिघडलेली फाईल तिथून हलवली, कोडी उठवलं. त्याने नवी अ‍ॅडऑन्स ३३ तयार केली आणि उघडलं.

शनिवार, रात्र

उघडलं, पण अर्धं. अ‍ॅड-ऑनची नोंदच नवी असल्यामुळे आपण घातलेली सगळी अ‍ॅड-ऑन डिस्कवर असूनही बंद अवस्थेत होती. १७ व्या आवृत्तीपासून नोंद नसलेलं अ‍ॅड-ऑन कोडी आपणहून चालू करत नाही. हे शहाणपणाचं आहे, कारण पडझडीमागे बहुतेक वेळा एखादं अ‍ॅड-ऑनच असतं. पण आप्पांचं मोठ्या अक्षरांचं स्किनही त्यात गेलं आणि एस्च्युअरी आली. "हे कुणाचं?" म्हणाले. 'माय अ‍ॅड-ऑन्स'मध्ये जाऊन मी एकेक चालू केलं, दर वेळी एक चालू करायचं, कोडी बंद करून परत उघडायचं, पडलं नाही की पुढचं. जुनं एक सबटायटलचं अ‍ॅड-ऑन, जे कुणी वापरत नाही, ते चालू केलंच नाही.

चित्रफितींना मात्र धक्का नाही. पाहिलेल्यांवर खुणा तशाच, आणि आजीच्या पंचाहत्तरीची फीत आप्पांनी परवा जिथे थांबवली होती तिथूनच सुरू झाली. आत्याने ती तीनदा मागे घ्यायला लावली, कारण मागच्या रांगेत वाढपी म्हणून धावणारा मुलगा कोण यावरून तिचं आणि आप्पांचं जुंपलं.

त्यांचं चालू असताना लॅपटॉपवरून एक क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप होणारं काम, लावून टाकला: रोज पहाटे डेटाबेसच्या प्रती दुसऱ्या डिस्कवर. साधं कॉपी न करता एसक्यूलाइटच्याच बॅकअप आज्ञेने, म्हणजे कोडी चालू असलं तरी प्रत अर्धवट निघत नाही. इन्व्हर्टरची लाईन टीव्हीच्या भिंतीपर्यंत आलेली नाही. इलेक्ट्रिशियन मंगळवारी येतो म्हणालाय.