रविवारी दहा मिनिटं चालू ठेवलेली गाडी

‘आठवड्यातून एकदा चालू करून ठेवतो, गाडीला काही होत नाही.’ गोव्यात ज्याच्या घरचं कुणी बोटीवर आहे, त्याच्याकडे हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. आमच्या कवळ्याच्या घरीही तेच. मी जहाजावर इंजिनिअर, वर्षातला बराचसा काळ पाण्यावर, आणि माझी २००१ ची ऑटोमॅटिक होंडा सिटी पत्र्याच्या शेडमध्ये. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून अण्णा गाडी चालवत नाहीत, पण रविवारची पूजा आटोपली की स्टार्ट मारून दहा मिनिटं ठेवायची, हा त्यांचा नेम.

बॅटरीला त्याचा थोडाफार आधार होतो. गिअरबॉक्सच्या सीलना, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी रिंगांना, नाही. लिव्हर पार्कमध्ये असताना पंप फिरतो, तेल आत खेळतं, पण चाकांकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्ट जागचे हलत नाहीत. ऑइल सीलची रबरी कड शाफ्टच्या त्याच रेषेवर महिनोन् महिने दाबून बसलेली असते. रबर कडक होतं, दबलेलं तसंच राहतं. त्यात आपला पावसाळा, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा. सीलच्या बाहेरच्या अंगाला शाफ्टवर गंज धरतो. मग कुणीतरी गाडी रस्त्यावर काढतो आणि तो गंज सीलची कड खरवडायला लागतो.

यंदा चवथीच्या तोंडावर सुटीवर आलो, तेव्हा गाडी डी मध्ये टाकल्यावर क्षणभर रेंगाळून मग उचलत होती. तेल कमी झालं की ऑटोमॅटिक गाडी असंच करते. शेडमध्ये वाकून बघितलं तर जमीन कोरडी. म्हणजे दिसायला कोरडी! आमच्या शेडला लाल मातीची जमीन, गिअरबॉक्सचं तेलही लाल. दिसणार काय, कपाळ? फ्रिजचं जुनं खोकं उलगडून गाडीखाली सरकवलं. सकाळी त्यावर दोन ठिपके होते, एक उजव्या ड्राइव्ह शाफ्टच्या मुळाशी आणि दुसरा पुढे, रेडिएटरच्या खालच्या बाजूला.

असा ठिपका दिसला की आधी बोट लावून बघावं. लालसर किंवा जुनं होऊन तपकिरी झालेलं, पातळ, बुळबुळीत असेल तर ते गिअरबॉक्सचं. इंजिन ऑइल काळपट असतं आणि एसीचं पाणी नुसतं पाणी असतं, त्याची भीती नको. डिपस्टिकवर, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवर, तेल सोलकढीच्या रंगाचं दिसलं तर मात्र गाडी चालू करू नका. रेडिएटरमधल्या तेलाच्या कूलरमधून पाणी आत शिरलंय, असा त्याचा अर्थ, आणि मग खर्चाची गोष्टच वेगळी.

तेलाची लेव्हल बघताना अनेक जण फसतात. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन चालू ठेवून लेव्हल बघतात. होंडात उलट आहे. गाडी चांगली गरम करायची, सपाट जागी उभी करायची, इंजिन बंद करायचं आणि लगेच, साधारण मिनिटभरात, डिपस्टिक काढायची. उशीर केला की तेल खाली उतरून लेव्हल जास्त दिसते. अंदाजाने ओतूही नये. जास्त झालेल्या तेलाचा फेस होतो आणि ते गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून, म्हणजे हवा जायच्या नळीतून, बाहेर येतं, मग आपण नसलेली गळती शोधत बसतो.

शेजाऱ्याने बाजारातली ‘लीक स्टॉप’ची बाटली आणून दिली. तिच्यात रबर फुगवणारं रसायन असतं. कडक झालेल्या सीलला त्याने काही काळ उतार पडतो, पण खरवडलेल्या कडेला आणि चिरलेल्या पाइपला त्याचा काडीचा उपयोग नाही. बाटली अजून फडताळात आहे.

चवथीच्या आठवड्यात फोंड्यात मेकॅनिक मिळणं म्हणजे नशीब. मिळाला तो जुन्या वळणाचा. खाली सरकला, टॉर्च मारला आणि म्हणाला, ‘‘सील सुकलां, बाब.’’ मातीत जॅक रुततो म्हणून आधी त्याने जाड फळ्या घातल्या, मग स्टँड लावले. चाक उतरवलं, तेल काढलं, शाफ्ट ओढून बाहेर घेतला. शाफ्टवर सील बसते तिथे करंगळीच्या नखाला लागेल असा गंजाचा तांबडा कडा होता आणि त्याच्या शेजारी रबराने घासून चकचकीत केलेला पट्टा. मेकॅनिकने बारीक पॉलिश पेपर शाफ्टच्या घेराभोवती फिरवला. लांबीच्या दिशेने एकदाही नाही, हे बघून माझा जीव भांड्यात पडला. उभे ओरखडे पडले की त्यांच्यातून तेल बाहेर सरकतं. इंजिनरूममध्ये ज्युनिअरना हे सांगून माझा घसा बसलाय आणि हा माणूस न सांगता करत होता. नव्या सीलच्या कडेला तेलाचं बोट फिरवून त्याने ती जुनीपेक्षा किंचित आत बसवली, म्हणजे कड कोऱ्या जागेवर टेकते.

पुढच्या ठिपक्याचं कारण किरकोळ निघालं. कूलरच्या रबरी पाइपची क्लिप गंजून सैल झाली होती आणि पाइपाचं टोक दगडासारखं कडक. दोन्ही बदलली. इथे साधा पाण्याचा पाइप चालत नाही, गरम तेलाला टिकणाराच हवा.

तेल होंडाचंच, डीडब्ल्यू-१ घातलं. या गाडीच्या काळात झेड-१ होतं, त्याची जागा आता याने घेतली आहे. ड्रेन बोल्टला नवा वॉशर. बोल्ट उघडून सगळं तेल येत नाही, निम्म्याच्या आसपास टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि इकडेतिकडे राहतं. म्हणून थोडी चालवून पुन्हा काढलं, पुन्हा भरलं.

अण्णांचा नेम मी मोडलेला नाही, ते रागावतील. पण आता पंधरवड्यातून एकदा भाचा गाडी बोरीच्या पुलापर्यंत नेऊन आणतो, तापमानाचा काटा मध्यावर येऊन चांगली गरम होईपर्यंत. खोकं शेडमध्येच आहे. परत आल्यावर ते खाली सरकवायचं आणि सकाळी त्याचा फोटो मला पाठवायचा, एवढं त्याला बजावलं आहे. पेट्रोलचे पैसे वेगळे मागतो, ते द्यावे लागतात.