दोराचे दुसरे टोक

जुन्या पाश्चात्त्य चित्रकलेत माणसाचे आयुष्य कधी तळहातावरच्या रेषेत, कधी सूत कातणाऱ्या देवतांच्या धाग्यात, तर कधी बुडत्या जहाजाकडे फेकलेल्या दोरात दाखवलेले आढळते. हे विषय वेगवेगळ्या शतकांतले असल्यामुळे कलेतिहासाच्या पुस्तकांत ते सहसा एका प्रकरणात येत नाहीत. मला मात्र ही चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहायला आवडतात, कारण त्या प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारता येतो: हे आयुष्य ज्याला लटकले आहे, त्याचे दुसरे टोक कोणी धरले आहे?

हात पाहण्याच्या चित्रांपासून सुरुवात करू. इटालियन चित्रकार काराव्हाजिओने १५९४ च्या सुमारास रंगवलेले भविष्य सांगणाऱ्या तरुणीचे चित्र रोमच्या कॅपिटोलिन संग्रहालयात आहे आणि त्याच विषयाची थोडी नंतरची आवृत्ती पॅरिसच्या लुव्रमध्ये आहे. उंची कपड्यांतल्या, कमरेला तलवार लावलेल्या तरुणाने मोजा काढून उजवा हात पुढे केला आहे आणि एक जिप्सी मुलगी तो आपल्या बोटांत धरून भविष्य सांगते आहे. गंमत अशी की दोघांपैकी एकाचेही लक्ष तळहाताकडे नाही. ती त्याच्या डोळ्यांत पाहते आहे आणि तो तिच्या. तेवढ्यात तिची बोटे त्याची अंगठी अलगद काढून घेत आहेत. ज्या आयुष्यरेषेसाठी हा सगळा प्रसंग घडतो, ती रंगवण्यात चित्रकाराला फारसा रस नाही. त्याला रस आहे तो स्पर्शात आणि त्या स्पर्शाने पडलेल्या भुलीत. पुढे जॉर्ज द ला तूर या फ्रेंच चित्रकाराने याच विषयावर केलेल्या आणि आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असलेल्या चित्रात तर एका तरुणाभोवती चार स्त्रिया आहेत. तो म्हाताऱ्या भविष्यवेत्तीकडे डोळे लावून उभा असताना एक जण त्याची सोनसाखळी कापते आहे आणि दुसरीचा हात त्याच्या खिशाशी आहे.

ही चित्रे मला तांत्रिकदृष्ट्या थोर वाटतात, पण त्यांच्याबद्दल मनात एक तक्रारही आहे. जिप्सी म्हणजे लबाड, हा समज त्या काळच्या युरोपात आधीच रुजलेला होता आणि सतराव्या शतकात अशा चित्रांना जी मागणी आली तिने तो अधिक घट्ट केला. हात पाहणारी स्त्री या चित्रांत माणूस म्हणून क्वचितच येते.

धाग्याच्या चित्रांबद्दल थोडक्यात सांगतो. ग्रीक पुराणांतल्या तीन दैवदेवतांपैकी एक आयुष्याचे सूत कातते, दुसरी ते मोजते आणि तिसरी, म्हणजे अॅट्रोपॉस, कात्रीने तोडते. फ्लेमिश चित्रकार रूबेन्सने फ्रान्सची राणी मारी द मेदिची हिच्या जीवनावर जी भव्य चित्रमालिका १६२२ ते १६२५ या काळात केली, तिच्या आरंभी या तिघी राणीचे सूत कातताना दिसतात. पण तिथे कात्रीच नाही. हयात असलेल्या राजमातेने स्वतःच्या महालासाठी सांगितलेल्या कामात कात्री रंगवण्याचे धाडस कोण करणार? त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी स्पॅनिश चित्रकार गोयाने आपल्या घराच्या भिंतीवर त्याच देवता काळवंडलेल्या आभाळात तरंगताना रंगवल्या, तेव्हा अॅट्रोपॉसच्या हातात कात्री परत आली. तिथे मात्र दैवाशी बोलणी करण्याची सोय कोणालाच उरलेली नाही.

समुद्रावर आल्यावर ही गोष्ट देवतांच्या हातून माणसांच्या हातात येते आणि तिथेच ती मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. जुलै १८१६ मध्ये 'मेड्युसा' ही फ्रेंच युद्धनौका पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वाळूच्या बांधावर रुतली. होड्या पुरेशा नव्हत्या, म्हणून लाकडांचा तराफा बांधून त्यावर सुमारे १४७ माणसे चढवण्यात आली आणि होड्यांनी तो दोराने किनाऱ्याकडे ओढत न्यायचा असे ठरले. थोड्याच वेळात होड्यांतल्या लोकांनी तो दोर सोडून दिला. तेरा दिवसांनी 'आर्ग्युस' या जहाजाला तराफा सापडला तेव्हा त्यावर पंधरा जण जिवंत होते. फ्रेंच चित्रकार जेरिकोने या घटनेवरचे आपले प्रचंड चित्र १८१९ मध्ये प्रदर्शित केले. त्यासाठी तो वाचलेल्यांना भेटला आणि त्या जहाजाच्या सुताराकडून त्याने तराफ्याची प्रतिकृती करून घेतली. दोर सोडल्याचा क्षण मात्र त्याने चित्रासाठी निवडला नाही. त्याने रंगवला तो क्षितिजावर ठिपक्याएवढे जहाज दिसल्याचा क्षण, आणि तराफ्यावरचे कित्येक हात त्या ठिपक्याच्या दिशेने उठलेले आहेत. त्या हातांना धरायला समोर काहीच नाही, आणि होड्यांतल्या लोकांवरचा आरोप त्या रिकाम्या पाण्यातच आहे असे मला वाटते.

त्या काळी इंग्लंडमध्ये नेमका उलटा प्रयत्न चालला होता. फेब्रुवारी १८०७ मध्ये 'स्नाइप' ही नौका ग्रेट यार्मथजवळ, किनाऱ्यावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत फुटली. ते पाहणाऱ्या जॉर्ज मॅन्बी या अधिकाऱ्याने उखळी तोफेतून गोळ्यामागे दोर बांधून तो जहाजावर टाकण्याची युक्ती काढली. अडचण साधीच पण जीवघेणी होती: बारूद उडताच गोळ्याला बांधलेला दोर जळे, आणि साखळी लावली तर तिच्या कड्या तुटत. शेवटी कच्च्या चामड्याच्या पट्ट्या घट्ट विणून त्याने गोळा आणि दोर जोडले, आणि पुढच्याच वर्षी या साधनाने एका जहाजावरचे सात खलाशी किनाऱ्यावर आणता आले. इंग्रज चित्रकार टर्नरने १८३१ मध्ये मॅन्बीच्या या साधनावर एक चित्र प्रदर्शित केले; परंतु त्यात लाटा, वारा आणि संकटाचे निळे दिवेच मन व्यापून टाकतात.

दोरालाच चित्राचा नायक केले ते अमेरिकेच्या विन्स्लो होमर या चित्रकाराने. १८८१-८२ मध्ये तो इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या कलरकोट्स या कोळ्यांच्या गावात राहिला होता आणि तिथे फुटलेल्या जहाजावरून माणसे आणताना त्याने प्रत्यक्ष पाहिले होते. पुढे १८८३ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटिक सिटी येथे त्याला दोरावरून माणसे ओढून आणण्याचे साधनही पाहायला मिळाले. किनाऱ्यावरून मारलेला बारीक दोर जहाजावर पोचला की त्याच्यामागून कप्पी येई आणि तिच्यासोबत एक फळी असे. कप्पी डोलकाठीला कुठे आणि कशी बांधायची याच्या सूचना त्या फळीच्या एका बाजूला इंग्रजीत आणि दुसऱ्या बाजूला फ्रेंचमध्ये लिहिलेल्या असत. मग जाड दोर ताणला जाई आणि त्यावरून तरंगत्या कड्याला जोडलेली कॅनव्हासची आखूड विजार पुढेमागे ओढली जाई. म्हणजे किनाऱ्यावरच्या पथकाचे कौशल्य कितीही असले, तरी जहाजावरच्या गारठलेल्या, भेदरलेल्या माणसांनी आपली गाठ नीट मारली नाही तर सगळे व्यर्थ. दोराची दोन्ही टोके एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी धरायची होती.

होमरचे 'द लाइफ लाइन' हे १८८४ मधले चित्र फिलाडेल्फिया कलासंग्रहालयात आहे. मधोमध कप्पीखाली लोंबकळत एक पुरुष शुद्ध हरपलेल्या स्त्रीला कवेत धरून येतो आहे, तिची मान मागे कलली आहे, ओले कपडे अंगाला चिकटले आहेत आणि खाली दोन प्रचंड लाटांमधली खोल घळ आहे. डाव्या कडेला जहाजाच्या फडफडत्या शिडाचा तुकडा दिसतो; उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, खडकावर, दोर ओढणारी माणसे मुंगीएवढी दिसतात. त्या पुरुषाचा चेहरा वाऱ्याने उडालेल्या लाल शालीमागे झाकला गेला आहे. आधी रंगवलेला चेहरा होमरने नंतर शालीखाली घातला, असे तपासणीत दिसून आले आहे. स्त्रीपुरुषांच्या या जवळिकीतून प्रेमकथा वाचली जाऊ नये म्हणून त्याने तसे केले, असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते आणि त्यात तथ्य असेलही. मला त्याहून पटते ते दुसरे कारण. चेहरा दिसला असता तर वाचवल्याचे सारे श्रेय त्या एकट्या वीराकडे गेले असते. तो झाकल्यावर नजर कप्पीवर येते, तिथून दोरावर आणि दोरावरून त्या कोपऱ्यातल्या माणसांपर्यंत जाते. छापील पुस्तकांतल्या लहान चित्रांत ती माणसे जवळजवळ पुसली जातात, म्हणून हे चित्र मोठ्या आकारातच पाहावे असा माझा आग्रह असतो.