खारपाणपट्ट्यातला कूलर

होळी झाली की आमच्या भागात माळ्यावरचे आणि गोठ्यातले कूलर बाहेर निघतात आणि अंगणाअंगणात गंजाचा तांबूस चुरा पडतो. आमचा दर्यापूर तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात येतो. येथील विहिरींचे आणि बोअरचे पाणी खारे आहे. शहानूर धरणावरून नळाला येणारे गोडे पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी जपून ठेवावे लागते, त्यामुळे कूलरच्या वाट्याला बोअरचेच पाणी येते. नागपूरकडच्या पाहुण्यांनी सांगितलेली कूलरची निगा म्हणूनच आमच्याकडे अर्धीच लागू पडते. येथे टाकी, ताट्या (म्हणजे हवा ज्यांतून आत येते ते भिजते पडदे), पंप आणि अर्थिंग यांविषयीचा प्रत्येक निर्णय पाण्याकडे पाहून घ्यावा लागतो, असे माझे मत झाले आहे.

कूलर हवा थंड करतो तो पाण्याच्या थंडपणाने नव्हे, तर पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेते म्हणून. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता खर्ची पडते, तर एक किलो बर्फ वितळताना केवळ 334 किलोज्यूल. दुपारी टाकीत बर्फाची लादी टाकणारे लोक दरवर्षी दिसतात; पाच किलो बर्फ वितळून जेवढा गारवा मिळतो, तेवढा एक लिटरपेक्षा कमी पाणी उडून मिळतो, हे त्यांना पटवणे मात्र अवघड आहे. मे महिन्यात तापमान 44 अंश आणि हवेतील आर्द्रता 15 टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक सुमारे 23 अंश दाखवील. चांगल्या भिजलेल्या ताट्यांचा कूलर हवेला त्या मर्यादेच्या बराच जवळ, साधारण 27-28 अंशांपर्यंत नेऊ शकतो. आपल्याकडची कोरडी हवा हेच कूलरचे खरे बळ आहे. त्याची किंमत पाण्याने मोजावी लागते आणि मोठा लोखंडी कूलर भर दुपारी तासाला दहा लिटरच्या पुढे पाणी सहज पितो.

वाफ होते ती शुद्ध पाण्याची. क्षार मागेच राहतात. रोज टाकीभर पाणी उडते आणि आपण तेवढेच वरून भरत राहतो असे धरले, तर आठवड्याच्या शेवटी टाकीत आणि ताट्यांवर मिळून मूळ पाण्याच्या आठपट क्षार साठलेले असतात. पाणी मुळातच खारे असल्यावर या आठपटीचा अर्थ काय होतो, तो ताट्यांवर चढलेल्या पांढऱ्या खपल्यांवरून आणि टाकीच्या कडेवर हाताला लागणाऱ्या खरखरीत थरावरून कळतो. यावर उपाय एकच, आणि तो फुकटचा आहे: टाकी केवळ भरत न राहता ती नियमाने रिकामी करावी. मी दर दोन-तीन दिवसांनी टाकीतले पाणी पूर्ण सोडून देतो आणि शक्य असेल तेव्हा एक बादली नळाचे पाणी ताट्यांवरून वरून खाली ओततो, म्हणजे अडकलेला क्षार धुऊन निघतो. सोडलेले पाणी परसातल्या झाडांना घालण्याचा मोह टाळावा. आमच्या काळ्या, चिकण जमिनीला असे पाणी मानवत नाही. ते नालीत जाऊ द्यावे.

पाणी पूर्ण निघते की नाही, हे मात्र तपासून पाहावे. बाजारातल्या पुष्कळ लोखंडी कूलरांची तोटी तळापासून बोटभर उंच बसवलेली असते. त्यामुळे सगळ्यात खारे पाणी आणि गाळ तळाशी तसाच राहतो आणि पत्रा नेमका तेथे कुजतो. कूलरच्या मागच्या दोन पायांखाली लाकडाच्या चिपा घालून तो तोटीकडे किंचित कलता केला, तर ही अडचण बरीच कमी होते.

टाकीचा गंज तळाइतकाच पाण्याच्या रेषेवर सुरू होतो, कारण तेथे पत्रा आळीपाळीने भिजतो आणि वाळतो आणि त्याला हवाही भरपूर मिळते. पत्र्यावरील जस्ताचा थर खारे पाणी हळूहळू खाते आणि दुमडलेल्या सांध्यांत व वेल्डिंगच्या डागांवर तो सर्वांत आधी संपतो. हंगामापूर्वी टाकी तारेच्या ब्रशने घासून, कोरडी करून, तिला रेड ऑक्साइडचा हात आणि त्यावर डांबराचा पातळ हात द्यावा. पहिला हात पूर्ण वाळण्याआधी दुसरा देण्याची घाई केल्यास रंगाचे पापुद्रे मेमध्येच पंपात जाऊन अडकतात. बारीक छिद्रे एम-सीलने बुजतात. मात्र बोटाने दाबल्यावर पत्रा आत जात असेल, तर त्यावर काहीही थापणे व्यर्थ आहे. काहीजण टाकीत जाड ताडपत्री अंथरतात. तिची मला भीती वाटते, कारण ताडपत्रीखाली झिरपलेले पाणी कधीच वाळत नाही आणि पत्रा न दिसता सडतो.

ताट्यांच्या बाबतीत माझे मत प्रचलित सल्ल्याच्या उलट आहे. हनीकोंबचे, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्यांचे, पॅड अनेक उन्हाळे टिकतात, म्हणून ते महाग असूनही परवडतात, असे दुकानदार सांगतात. गोड्या पाण्याच्या गावी ते खरेही आहे. आमच्या पाण्याने त्यांच्या बारीक नळ्या क्षाराने भरत जातात, हवेला वाट उरत नाही आणि कागदासारखा तो भाग साफ करताना तुटतो. म्हणून मी आजही लाकडी काथ्याच्या साध्या ताट्याच वापरतो, ज्या दरवर्षी निःसंकोच फेकून देता येतात. त्यांचा दोष एवढाच की, काही आठवड्यांत काथ्या भिजून खाली बसतो आणि ताटीच्या वरच्या बाजूला चार बोटांची फट पडते. त्या फटीतून गरम, कोरडी हवा थेट आत शिरते आणि बिचाऱ्या मोटारीला दोष दिला जातो. दिवसा उजेडी कूलरच्या पुढच्या जाळीतून मागे पाहावे. जेथून ऊन दिसते, तेथे मूठभर काथ्या भरावा. वाळ्याची ताटी गंधाला उत्तम, पण मुळे फार दाबून बसवली तर हवा अडते. ज्यांना हनीकोंबच बसवायचे आहे, त्यांनी नळ्यांचा उतार पाहून घ्यावा: अधिक तिरक्या नळ्या बाहेरच्या बाजूला खाली उतरत्या असाव्यात, अन्यथा पंखा पाण्याचे थेंब खोलीत ओढतो.

वरच्या पाइपाची छिद्रे क्षाराने बुजली की ताटीचा काही भाग कोरडा राहतो. सायकलच्या स्पोकने ती मोकळी करता येतात. थर जुना असेल तर प्लास्टिकचा पाइप काढून लिंबूसताच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावा. हेच आंबट पाणी टाकीत ओतून ठेवण्याची क्लृप्ती मात्र वापरू नये, कारण आम्ल क्षाराबरोबर पत्र्यावरचे जस्तही खाते.

आता विजेविषयी. विदर्भात कूलरचा धक्का लागून माणसे दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात आणि त्यांत पाणी भरणाऱ्या बायका आणि खेळता खेळता कूलरला हात लावणारी मुले असतात. खारे पाणी साध्या पाण्यापेक्षा वीज अधिक सहज वाहून नेते, टाकी लोखंडाची असते, पंप पाण्यात बुडालेला असतो आणि समोरचा माणूस अनवाणी, ओल्या शेणामातीच्या जमिनीवर उभा असतो. धोक्याला याहून अधिक काही लागत नाही. पंप बाहेर काढून त्याची वायर जेथे आत शिरते ती जागा उजेडात पाहावी. तेथील भरण तडकलेले असेल, तर पंप कितीही छान चालत असला तरी तो बदलावा. नव्या पंपाला जीव गमावण्याइतके पैसे पडत नाहीत. वायर आखूड पडली म्हणून टाकीच्या आत जोड देऊन त्यावर चिकटपट्टी गुंडाळण्याची पद्धत सर्रास आहे. ती पट्टी ओलीने सुटते आणि उघडा जोड पाण्यात लोंबू लागतो. जोड द्यायचाच असेल, तर तो कूलरच्या बाहेर, उंचावर आणि कोरड्या जागी असावा.

प्लगला तीन पिना आहेत, एवढ्यावरून अर्थिंग आहे असे समजू नये. प्लग उघडून हिरवी वायर जोडलेली आहे का, तिचे दुसरे टोक कूलरच्या अंगाला स्क्रूने, रंग खरवडून, घट्ट बसवले आहे का आणि भिंतीतल्या बोर्डाची तिसरी पिन जमिनीत गाडलेल्या अर्थिंगपर्यंत पोहोचते का, हे तीनही प्रश्न विचारावेत. खेड्यांतल्या जुन्या घरांत तिसरी पिन बहुधा कोठेच पोहोचत नाही. काही ठिकाणी तर ती न्यूट्रलला जोडून मोकळे होतात, आणि हा प्रकार अर्थिंग नसण्यापेक्षाही वाईट आहे: न्यूट्रल कोठे तुटला, तर कूलरचा सगळा सांगाडा फेजवर येतो, म्हणजे त्यात थेट वीज उतरते. आमच्या घरी खड्डा खणून, कोळसा आणि मीठ घालून स्वतंत्र अर्थिंग केले आहे आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतले जाते. जोडीला 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे उपकरण, बसवले आहे. ते करून देणारे वायरमन म्हणाले होते, “भाऊ, लोकं कूलरले हजारो रुपये लावते, अन् याच्यासाठी घासाघीस करते.” आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून त्याचा खटका खाली पडतो का, हे पाहावे. आणि एवढे सगळे असूनही पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढण्याचा नियम घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्यांनाही, लागू असावा.

मोटारीचे थोडक्यात सांगतो. ती गुरगुरते पण फिरत नाही आणि वीज बंद करून काडीने हलवल्यावर पंखा मोकळा फिरतो, तर बहुतेक वेळा कंडेन्सर (मोटारीला फिरण्यास जोर देणारा छोटा भाग) अशक्त झालेला असतो; त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडच्या आकड्याचाच नवा बसवावा. पंखा हाताला जड लागत असेल, तर बुश किंवा बेअरिंग पाहावे. संध्याकाळी विजेचा दाब उतरल्यावर मोटार तापत असेल, तर दोष तिचा नसतो आणि वाइंडिंग नव्याने भरूनही तो जात नाही.

कूलर चांगला असूनही खोली गार होत नाही, तेव्हा समोरचे दार पाहावे. आत आलेल्या हवेला बाहेर जाण्याची वाट नसेल, तर खोलीत दमटपणा साठतो आणि टिनाच्या घरात तो असह्य होतो. याच कारणाने जुलैत कूलरचा उपयोग संपतो: तापमान 33 अंश आणि आर्द्रता 75 टक्के असताना कितीही पाणी उडवले, तरी हवा 29-30 अंशांखाली जात नाही.

मृगाचा पाऊस पडल्यावर कूलर बंद पडतो, पण टाकीत पाणी तसेच राहते, आणि डेंग्यूचा एडिस डास तेच शोधत असतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणूनच आशाताई आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यास सांगतात. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने जगतात. टाकी घासावी, उन्हात वाळवावी, ताट्या काढून टाकाव्यात आणि मगच कूलर खताच्या रिकाम्या पोत्यांनी झाकून ठेवावा.

राहिला प्रश्न नव्या कूलरचा. ताट्या, पंप, कंडेन्सर किंवा एखादे छिद्र यांपायी कूलर बदलू नये. टाकीचा तळ आणि पाय दोन्ही गेले असतील, तर मात्र नवीन घेणे शहाणपणाचे ठरते, आणि खारपाणपट्ट्यात ती टाकी प्लास्टिकची किंवा फायबरचीच असावी. तिचे अंग वीज वाहून नेत नाही, पण आतली मोटार आणि पुढची जाळी लोखंडी असतात आणि टाकीतले पाणीही वीज वाहते, त्यामुळे अर्थिंगला सूट मिळत नाही. तांब्याच्या वाइंडिंगची जुनी मोटार सुस्थितीत असेल, तर ती नव्या सांगाड्यात बसवून घेता येते. भंगारवाला कूलर किलोवर घेतो आणि मोटारीसकट घेण्यास तो नेहमीच राजी असतो, तेव्हा मोटार, पंख्याची पाती आणि जाळी आधी काढून ठेवावीत.