तुम्ही विचारलंत म्हणून: गॉबनिट

पुण्याला आले की तेच. "इतकी छान नावं असताना पोरीचं नाव गॉबनिट?" आयर्लंडमध्येही सुटका नाही. तिथली तरुण मंडळी नाक मुरडतात, कारण बोलीभाषेत 'गॉब' म्हणजे थोबाड. म्हणून एकदाच सगळं सांगते.

गॉबनिट ही सहाव्या शतकातली संत, आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातल्या बॅलीव्हर्नी गावची. मधमाश्या पाळणाऱ्यांची ती राखणदार. गुरं पळवायला आलेल्यांवर तिने मधमाश्या सोडल्या, अशी कथा आहे. नावाचं मूळ मात्र लोहाराला आयरिशमध्ये जो शब्द आहे, त्यात आहे. बॅलीव्हर्नीत उत्खनन झालं तेव्हा लोखंडकामाच्या खुणाही सापडल्या. तुम्हाला मधाचा अर्थ गोड वाटला असता, मला लोहाराचाच आवडतो.

पण नाव ठेवलं ते नवऱ्याच्या आजीचं. घरातल्या म्हातारीचं नाव पोरीला देणं आपल्याकडेही चालतंच की! आजी 1950च्या दशकात इंग्लंडला नर्स म्हणून गेली आणि तिथे डेबोरा झाली. ती एकटीच नव्हे. हिब्रूत डेबोरा म्हणजे मधमाशी, म्हणून कितीतरी गॉबनिट इंग्रजी कागदांवर डेबोरा झाल्या, नाहीतर ॲबिगेल.

आजी गेली तेव्हा मी गरोदर होते. शवपेटीवरच्या पितळी पट्टीवर 'डेबोरा' कोरलेलं. गावाहून तिचा धाकटा भाऊ आला होता, तोही ऐंशीच्या पुढचा. त्याने पट्टी वाचली, चष्मा पुसून परत वाचली आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "यात कोण आहे?" कुणीच बोलेना. मग त्याने खिशातून रिबीन काढली. 11 फेब्रुवारीला, संतेच्या दिवशी, बॅलीव्हर्नीत लोक तिच्या जुन्या लाकडी मूर्तीला रिबिनी लावून माप घेतात आणि दुखण्याखुपण्याला उपयोगी म्हणून घरी जपून ठेवतात. तसली ती रिबीन त्याने पट्टीवर आडवी ठेवली, अक्षरं झाकली जातील अशी.

माझं तिथेच ठरलं.

नवरा म्हणतो, आजीला डेबी आवडायचं, पत्राखाली सहीसुद्धा तीच. असेल. सवय झाली की माणूस आवडतं म्हणतोच. की तिच्या वतीने मीच रागावले? तेव्हा कुणी असं विचारलं असतं तर मी भांडले असते. आता लेकच म्हणते, "मला शाळेत ॲबी म्हणू दे." तिला पणजीची गोष्ट सांगितली, तर म्हणाली, "तिला चाललं ना? मग मला का नाही?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. शाळेचं काय ते तिचं ती ठरवेल. घरात मी गॉबनिट अशीच हाक मारते, आणि तुम्हीही मारावी.